स्वयंपाकघरातली चाचेगिरी

आयुष्यात मी एकदाच चाचेगिरी केली. तीही समुद्रापासून शेकडो मैल दूर, बेंगळुरूत, सासूबाईंच्या हाताखाली.

पुण्यात शाळेत असताना मला समुद्री चाच्यांचं वेड होतं. एका डोळ्यावर पट्टी, खांद्यावर पोपट, निर्जन बेट आणि वाळूत पुरलेली पेटी असलेलं प्रत्येक पुस्तक मी वाचनालयातून आणून फस्त केलं होतं. सोसायटीच्या मागच्या आवारात भरपूर खणलंही. सापडला तो ड्रेनेजचा पाइप, आणि त्याबद्दल मारही मिळाला. पुढे कॉलेजात एका जाडजूड पुस्तकात वाचलं की खरे चाचे खजिना सहसा पुरत नसत. लुटीत सोन्यानाण्यापेक्षा कापड, साखर, दोरखंड असलाच माल जास्त, आणि हाती लागेल ते बंदरात उतरल्या उतरल्या दारूजुगारात उडवायचे. मला इतका राग आला की ते पुस्तक मी अर्धवट वाचून परत केलं.

त्याच पुस्तकात आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या मराठी आरमारालाही चाचे म्हटलं होतं. स्वतःच्या समुद्रात बिनपरवान्याचं जहाज अडवलं की तो चाचा, आणि दुसऱ्याच्या देशात येऊन सारा वसूल केला की ते सरकार! लग्नानंतर एकदा जेवताना मी हे तावातावाने सासऱ्यांना ऐकवलं. त्यांनी वाटी पुढे करून शांतपणे विचारलं, "ही आमटी सरकारी की लुटीची?" घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. माणूस असा, की गंभीर आहे की थट्टा करतोय हे शेवटपर्यंत कळायचं नाही.

माझं सासर बेंगळुरूतलं जुनं मराठी. त्यांचे पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर घोड्यावरून आले आणि परत जायचं राहून गेलं. मी त्या घरात आले तेव्हा पुण्याहून आलेल्या सुनेचं मराठी म्हणजे रेडिओवरच्या बातम्या, असं नणंद म्हणायची. मला त्यांचं कन्नड मिसळलेलं 'स्वल्प थांब' आणि 'सरी, चल' ऐकून हसू यायचं. एकमेकींना हसता हसता आमची गट्टी जमली. तिच्याच लग्नाच्या वेळची ही गोष्ट.

तिला लग्नात आजीची, म्हणजे सासूबाईंच्या आईची नथ घालायची होती. नथ होती, पण तिच्यात एक मोती नव्हता. तो होता येलहंक्याला, आमच्या जुन्या घराच्या स्वयंपाकघरात, जमिनीखाली.

झालं होतं असं. येलहंक्याचं घर बांधलं तेव्हा वास्तुशांत झाली. त्यात आग्नेय कोपऱ्यात खड्डा करून वास्तुपुरुषाची सोन्याची इवलीशी प्रतिमा आणि पंचरत्नं डबीत घालून पुरतात. चाच्यांनी खजिना पुरला नसेल, पण आपल्यातला प्रत्येक साधा कारकूनसुद्धा घर बांधलं की पुरतो! त्या दिवशी गुरुजींनी पंचरत्नांची पुडी सोडली आणि तिच्यात मोतीच निघाला नाही. मुहूर्त टळत होता, अण्णांच्या बहिणी तोंडाकडे बघत होत्या. सासूबाईंनी नाकातली नथ काढली, तार सैल केली आणि मोती डबीत टाकला. सगळ्यांनी वाहवा केली. अण्णा एका शब्दाने नको म्हणाले नाहीत. डबी उचलून आत गेले आणि खड्ड्यात ठेवून आले.

सासूबाईंना त्या मोत्याचं इतकं दुःख नव्हतं, जितकं अण्णांनी नको न म्हटल्याचं. आई नुकतीच गेलेली, तिची तेवढीच वस्तू, आणि नवऱ्याला त्याचं काहीच वाटलं नाही. हे त्यांनी अण्णांना कधी सांगितलं नाही. मला मात्र वाटाणे सोलताना, पापड वाळवताना, नथीचा विषय निघाला की दरवेळी सांगितलं. सोनार म्हणाला, दुसरा मोती बसवून देतो. त्यांनी नथ उचलली आणि दुकानातून बाहेर आल्या.

घर विकून आम्ही केव्हाच फ्लॅटमध्ये आलो होतो. लग्न तोंडावर असताना जुन्या शेजारणीने खबर आणली की घेणाऱ्यांनी स्वयंपाकघराची फरशी उखडायला काढली आहे. त्या सुमाराला तिकडे देवनहळ्ळीपर्यंत शेतांत प्लॉट पाडून लेआउट होत होते, आणि कुठेही पाया खणला की गुप्तधन निघालं अशी अफवा उठायची. आमचं गुप्तधन गवंडी खिशात घालून नेणार! अण्णांना विचारायची सोय नव्हती. देवाला दिलेलं परत घ्यायचं म्हटलं की त्यांनी नक्कीच प्रवचन दिलं असतं, असं सासूबाईंचं म्हणणं. त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, "येतीस का?"

मी शाळेपासून या आमंत्रणाची वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी पत्रिका वाटायला जातो सांगून आम्ही बस पकडली. हत्यार म्हणजे पिशवीतलं उलथनं. बहाणा सासूबाईंनी वाटेत रचला: लग्नाच्या देवकार्याला जुन्या वास्तूतली चिमूटभर माती लागते. अशी कुठलीही रीत नाही. मी कौतुकाने त्यांच्याकडे बघत राहिले. हेब्बाळ मागे पडेपर्यंत त्यांनी मला माझं कामही समजावलं. मी पुढच्या खोलीत घरमालकिणीला बोलण्यात गुंतवायचं. माझं कन्नड तेव्हा भाजी आणि रिक्षापुरतं होतं.

घरमालकीण वयाने सासूबाईंएवढीच. दोघी एकमेकींना अक्का म्हणत. तिने कॉफी दिली, पत्रिका डोळ्याला लावली. सासूबाई तोंड भरून म्हणाल्या, "स्वल्प मण्णु बेकु, अक्का." थोडी माती हवी. मग त्या आत गेल्या आणि मी बोलायला लागले. टोमॅटोचा भाव विचारला. वांग्याचा विचारला. सरळ जाऊन डावीकडे वळायचं का, तेही विचारलं. आतून उलथन्याचा खरडण्याचा आवाज येत होता, म्हणून मी आवाज चढवला. अक्का माझ्याकडे दयेने बघत होती. शेवटी ती उठली आणि सरळ आत गेली. मी मागोमाग, पकडलं गेल्याच्या तयारीत.

सासूबाई फरशीच्या ढिगाऱ्यात मांडी घालून बसल्या होत्या, कोपरापर्यंत मातीत. अक्काने पदर खोचला आणि कोपऱ्यातून गवंड्याची पहार आणून दिली. तिच्या सांगण्यातलं मला कळलं ते एवढं, की त्या कोपऱ्याला हात लावायचा नाही असं तिने गवंड्याला बजावलं होतं. ज्यांचं आहे ते कधीतरी येतील, हे तिला ठाऊक होतं.

मग तिघींनी मिळून खणलं. तांब्याची डबी निघाली, हिरवी पडलेली. झाकण अक्काने ठोकून उघडलं. आत वास्तुपुरुष होता, पोवळं होतं, बाकीचे बारके खडे होते. मोती नव्हता. त्याच्या जागी एक बटण होतं. शिंपल्याचं, पांढरं, पुरुषाच्या सदऱ्याचं.

सासूबाईंनी ते पदराने पुसलं आणि उजेडात धरलं. वास्तुशांतीनंतर धुवायला काढलेल्या अण्णांच्या सदऱ्याचं एक बटण गेलं होतं, सासूबाईंनीच दुसरं लावलं होतं. डबी आत नेली अण्णांनी, पूजेसाठी काढून आत खुंटीवर टांगलेला सदराही त्यांचाच. दुसऱ्या कुणाला विचारायची गरज नव्हती. आम्ही डबी होती तशी बंद करून परत ठेवली. घराचं ते घरालाच राहू दे, असं अक्काही म्हणाली. सासूबाईंनी फक्त बटण घेतलं. परतीच्या बसमध्ये त्या बटण मुठीत घट्ट धरून बसल्या, आणि मला पहिल्यांदाच त्यांची भीती वाटली.

अण्णा खुर्चीत पेपर वाचत होते. सासूबाईंनी चपलाही न काढता ते बटण पेपरावर ठेवलं.

अण्णांनी बटण बघितलं, आमच्या हातांची माती बघितली. मग उठून कपाटातून कॅमेऱ्याच्या रोलची काळी प्लॅस्टिकची डबी आणली. ती डबी मी कितीदा धूळ पुसायला उचलली होती! आत कापूस होता, आणि कापसात मोती.

"देवाला बटण चालतं," अण्णा म्हणाले. "तुला नसतं चाललं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू दुसऱ्याच दिवशी फरशी फोडून तो देवाला परत द्यायला लावला असतास. मग घर विकलं. तेव्हा सांगणार होतो, पण इतकी वर्षं लपवलं म्हणून तू काय करशील त्याची भीती वाटली. आता लग्नाआधी सोनाराकडून गुपचूप बसवून आणणार होतो."

सासूबाई खुर्चीच्या हाताला धरून खाली जमिनीवरच बसल्या. मोती त्यांनी हातात घेतला नाही. त्या अण्णांकडेच बघत होत्या, आणि त्यांचे डोळे भरून वाहायला लागले होते.

"मला वाटलं होतं, तुम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही," त्या म्हणाल्या. "मी इतकी वर्षं तुमच्यावर रागावलेली आहे. तुम्हाला माहीतसुद्धा नाही."

"माहीत होतं," अण्णा म्हणाले, आणि तेही गुडघे धरत धरत त्यांच्याशेजारी खाली बसले.

अशा वेळी सुनेनं आत निघून जायचं असतं. मी गेले नाही.