पार्सिपनीतलं फुलपात्र

"तुझे बाबा आमच्याकडचा ग्लास तोंडाला लावत नाहीत... एवढे कसले गं सोवळ्याचे?" अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनी गावात एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, शैलाकाकूंनी मला हळूच विचारलं होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मी तिसरीत होते.

बाबा कुणाकडेही जाताना कोटाच्या खिशात स्वतःचं स्टीलचं फुलपात्र न्यायचे. सोवळंबिवळं काही नव्हतं... ते तेव्हा एका निराशावादी जर्मन तत्त्वज्ञाच्या नादी लागले होते. तोही म्हणे रोगाच्या भीतीने स्वतःचा पेला बरोबर ठेवायचा, न्हाव्याचा वस्तरा गळ्याशी येऊ द्यायचा नाही. उपनिषदं वाचायचा, आपल्या पूडल कुत्र्याला 'आत्मा' म्हणायचा आणि माणसांवर काडीचा विश्वास ठेवायचा नाही.

त्याची साळिंदरांची गोष्ट बाबा मला सांगायचे. थंडीत ती एकमेकांना बिलगतात, काटे टोचले की लांब होतात, पुन्हा गारठतात... "म्हणून बेताच्या अंतरावर राहावं," असं बाबांचं म्हणणं.

आईला ते अंतर परवडणारं नव्हतं. त्या गावात मराठीत बोलायला तिला एकट्या शैलाकाकूच होत्या, आणि त्यांचे फोन कमी व्हायला लागले होते.

म्हणून त्या पॉटलकला मी घाईघाईने सांगून टाकलं, "काकू, इट्स नॉट यू! तो जर्मन माणूस पण असंच करायचा!" काकूंनी "कोण जर्मन?" विचारलं, तेव्हा मी त्याची रोगाची भीतीही सांगून टाकली.

त्या उन्हाळ्यात काकू भारतात जाऊन आल्या आणि आम्हाला जेवायला बोलावलं. बाबांच्या ताटाशी नवंकोरं फुलपात्र होतं, त्यावर बाबांचं नाव घातलेलं. "भावजी, हे तुमचं एकट्याचं. दुसरं कुणी हात लावणार नाही... पण राहील आमच्याच घरी."

बाबांनी ते उजेडात फिरवून पाहिलं. वास घेतला, सिंकपाशी जाऊन स्वतः विसळलं... आणि मग पाणी प्यायले. आई खाली मान घालून हसत होती.

गेल्या महिन्यात काकूंनी घर आवरलं आणि ते फुलपात्र मला इकडे दक्षिणेत, प्लेनोला माझ्या घरी पाठवलं. आई आता नाही. बाबा पार्सिपनीत एकटेच, आणि इकडे या म्हटलं की विचारतात, "घर विकायचा बेत आहे ना तुमचा?"

बाबा, या पोस्टची लिंक पाठवलीय. स्कॅम म्हणून तुम्ही उघडणार नाही, माहितीय... तरी, थंडीपुरते या ना इकडे. फुलपात्र तुम्हीच विसळा.