मावशीने निवडलेला कोरस

माझी मावशी बँडमध्ये दुसरी गिटार वाजवायची, म्हणून सगळे तिला 'दुसरी' म्हणत. पहिली गिटार आईची, गाणंही आईचंच. बाबा बेस वाजवायचे आणि बँड त्यांचा होता. संध्याकाळी आम्ही एका हॉटेलात वाजवायचो. स्टेजवर ओळख करून देताना ते आईकडे हात करून "ही पहिली" म्हणायचे, मग मावशीकडे हात करून "आणि ही दुसरी", की हॉटेलात जेवायला बसलेली माणसं घास हातात धरून हसायची. मेहुणीवरचा हा विनोद बाबांनी वर्षानुवर्षं चालवला. त्या वेळी मावशी मान खाली घालून तारा जुळवल्यासारखं करायची. तारा आधीच जुळलेल्या असायच्या.

आई तिच्यापेक्षा बरीच मोठी. मावशीला गिटार आईनेच शिकवली आणि पहिली गिटारही आईनेच घेऊन दिली. आईचा हात दणदणीत होता. ती वाजवायला लागली की खोलीतलं दुसरं काही ऐकू यायचं नाही. मावशीचं तसं नव्हतं. ती आईच्या मागे मागे जायची. आई जिथे श्वास घेईल तिथे ती एक सूर ठेवायची, आई घाईत पुढे गेली तर ती हळूच मागून ओढून धरायची. ऐकणाऱ्याला वाटे, आई काय छान वाजवते! मी कीबोर्डवर बसायचे, म्हणून मला कळायचं की त्यातलं निम्मं मावशीचं असायचं.

मावशीने लग्न केलं नव्हतं. आमच्याच घरात मागच्या खोलीत राहायची. आमचा सराव एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत चाले. खालून इस्त्रीची वाफ यायची आणि तारांना गंज चढायचा, म्हणून मावशी सराव संपल्यावर दोन्ही गिटार पुसून ठेवायची. आईचीसुद्धा.

एका दुपारी बाबा तीन कोरस पेडल घेऊन आले. कोरस म्हणजे गिटारवाल्याच्या पायाशी ठेवायचा छोटा डबा. गिटारचा आवाज त्यात शिरतो, डबा त्याची नक्कल करतो, ती नक्कल किंचित उशिरा आणि सुरातून जराशी हलवत मूळ आवाजात मिसळतो. एकच माणूस वाजवत असतं, पण दोघं वाजवताहेत असा भास होतो. कोपऱ्यावरच्या वाद्यांच्या दुकानदाराने तिन्ही डबे बघायला म्हणून दिले होते. त्या दुकानदाराला आम्ही तारवाले काका म्हणायचो.

"तुझ्या कानांवर सोपवतो बघ," बाबा मावशीला म्हणाले. "यातला कुठला घ्यायचा ते तूच ठरव."

मावशीचा चेहरा एकदम खुलला. बाबा तिला कधी काही ठरवायला सांगत नसत.

"माझ्यासाठी की ताईसाठी?" तिने विचारलं.

"ताईसाठी. तिचा आवाज जरा भरीव हवाय."

मावशीने लगेच सगळं हातात घेतलं. गिटार एकच, ॲम्प एकच, आवाजही तेवढाच ठेवायचा. आईने तीच ओळ तिन्ही डब्यांतून वाजवायची, बाबांनी डबे बदलायचे, आणि कुठला लावला ते सांगायचं नाही. ती स्वतः भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसली.

आई त्या दिवशी फार वाईट वाजवत होती. एकदा बोट घसरलं, एकदा मध्येच थांबली.

"ताई, नीट वाजव ना ग," मावशी भिंतीकडे बघतच म्हणाली. "असं केलंस तर मला फरक कसा कळणार?"

आईने पुन्हा सुरुवात केली.

पहिला डबा ऐकून मावशी म्हणाली, "स्वच्छ आहे. फारच स्वच्छ. दोन गिटार आहेत, पण दोघींनी एकाच दुकानातून एकसारखे कपडे घेतल्यासारखं वाटतं."

दुसऱ्या डब्यावर तिने तोंड वाकडं केलं. "हा गरागरा फिरतो. बोटीत बसल्यासारखं होतं. जेवणाऱ्या लोकांना मळमळेल, भाऊजी."

तिसरा डबा जुना होता, कुणीतरी वापरून विकलेला, कडांचा रंग उडालेला. तो लावल्याबरोबर आधी बारीक खरखर ऐकू आली. मग आईने ओळ वाजवली आणि मावशी पाठमोरीच ताठ झाली.

"परत."

आईने परत वाजवली.

"याला खोकला झालाय," मावशी हसत म्हणाली, "पण हाच घ्या. यातली मागची गिटार पुढचीचं ऐकून वाजवतेय. जराशी उशिरा येते, पण चुकून नाही. मुद्दाम थांबून येते."

"म्हणजे दोघीजणी वाजवताहेत असं वाटतं?" बाबांनी विचारलं.

"डोळे मिटले तर नक्की वाटतं."

"जेवणाऱ्यांचे डोळे ताटातच असतात," बाबा म्हणाले.

मावशी उठून डब्यापाशी येऊन बसली. त्याला दोन बटणं होती, एक नक्कल किती वेगाने हलावी याचं आणि दुसरं किती खोल जावी याचं. ती बराच वेळ दोन्ही केसाएवढी इकडे तिकडे करत राहिली. मनासारखं झाल्यावर पर्समधून लाल नेलपॉलिश काढून तिने दोन्ही बटणांपुढे एकेक ठिपका दिला. "ताई, इथून हलवायचं नाही हं," असं तिने आईला बजावलं. आई खिडकीपाशी जाऊन लाँड्रीवाल्याच्या वाळत घातलेल्या चादरी बघत उभी होती.

पुढच्या सरावाला मावशी आणि मी एकत्रच गेलो. मावशीचं स्टूल जागेवर नव्हतं. तिची वायर गुंडाळून टोपलीत ठेवली होती. बाबा घसा साफ करत उभे राहिले. हॉटेलवाल्यांना आणखी टेबलं टाकायची होती, म्हणून ते स्टेज कापणार होते. एक माणूस कमी करावा लागणार होता. ड्रम सोडता येत नाहीत, बेस सोडता येत नाही, कीबोर्ड तर पोरीचा. "तू समजून घेशील," बाबा म्हणाले. "घरचीच आहेस."

मावशीला आधी काही कळलंच नाही. ती म्हणाली, "पण भाऊजी, ताई एकटीच वाजवायला लागली तर मोकळं मोकळं नाही का वाटणार? मागचं कोण..."

आणि तिचं लक्ष आईच्या पायाशी गेलं. डबा तिथे होता. त्यावरचे लाल ठिपके दिसत होते.

मला आजही ती खोली आठवते. खाली इस्त्री फिरत होती. ड्रमवाल्याने उगाच एक स्क्रू पिळायला घेतला होता.

"ताई, तुला माहीत होतं?"

आई तारेचं टोक कापत होती. "माहीत असून मी काय करणार होते? हॉटेल गेलं असतं तर सगळेच घरी बसलो असतो."

"ते नाही विचारलं. त्या दिवशी वाजवताना माहीत होतं?"

आईने पक्कड खाली ठेवली. "हो."

मावशीने मान हलवली. एखाद्याने पत्ता सांगितल्यावर हलवतात तशी. मग ती खाली वाकली. नक्कल किती खोल जावी याचं बटण आईने ठिपक्याच्या बरंच पुढे फिरवून ठेवलं होतं. मावशीने ते मागे आणून पुन्हा ठिपक्यावर ठेवलं.

"इतकं नको. बेसूर होईल," ती म्हणाली, आणि आपली गिटार घेऊन जिना उतरून गेली.

माझ्या मनात असा संताप उसळला की कीबोर्डचं झाकण मी आपटून बंद केलं. बाबा माझ्यावरच ओरडले. बँड मी लगेच सोडला नाही, खरं आहे. पण त्या दिवसापासून बाबांशी मी कामापुरतंच बोलत आले.

नव्या स्टेजवर पहिल्या संध्याकाळी आईने वाजवायला घेतलं, तेव्हा मला वाटलं होतं की लोक माना वर करतील. कुणीच केली नाही. डबा मावशीने इतका अचूक लावला होता की आवाजात कुणाला काही फरकच कळला नाही. मावशीने दुसऱ्या दिवशी मला विचारलंच, "कुणी काही विचारलं?"

"त्या कोपऱ्यातल्या टेबलवरच्या आजोबांनी. ते म्हणाले, दुसरी कुठे आहे?"

"मग?"

"त्यांना वाटलं तू बाळंतपणाला गेलीस."

मावशी खदखदून हसली. मग हसता हसता थांबली आणि कपाटातले कपडे बॅगेत भरत राहिली. त्याच आठवड्यात तिने आमचं घर सोडलं आणि बेकरीच्या मागे एक खोली भाड्याने घेतली.

दुसऱ्या बँडमध्ये तिने प्रयत्न केले. पण तिथे एकटीने पुढे बसून वाजवायला सांगायचे आणि ते तिला जमेना. तिनेच मला सांगितलं, "हात तारांवर ठेवते आणि वाट बघत बसते. पुढचं कुणीतरी सुरू करेल म्हणून. पुढचं कुणी नसतंच."

शेवटी तारवाले काकांनी तिला दुकानात ठेवलं. गिऱ्हाइकांना पेडल वाजवून दाखवायचं काम. तिच्यासारखं दाखवणारं कुणी नव्हतं. कुठला डबा काचेसारखा, कुठला पाण्यासारखा, कुठला नुसता गोंगाट, ती दोन वाक्यांत सांगायची. फक्त कोरस कुणी मागितला की तिची पंचाईत व्हायची. एकदा एक बँडवाला आपल्या गिटारवाल्यासाठी कोरस घ्यायला आला.

"तुमच्याकडे दुसरा वाजवणारा आहे?" मावशीने विचारलं.

"आहे की."

"मग हा कशाला हवा?"

बँडवाला गडबडला. "आवाज भरीव करायला."

"मग त्याला बोलवा इथे. त्याच्यासमोर दाखवते."

तो माणूस गेला तो परत आलाच नाही. काका भडकले. "बाई, तू इथे माल विकायला बसलीस की गिऱ्हाईक पळवायला?" असं दोन-तीनदा झाल्यावर त्यांनी तिला आतल्या खोलीत बसवलं, बिघडलेली पेडल उघडून सुटलेल्या तारांना कथलाचा डाग द्यायला. तिथे गिऱ्हाईक येत नसे. ती आत कथलाच्या धुरात बसून असायची.

हॉटेलही पुढे फार टिकलं नाही. म्हणजे हॉटेल टिकलं, बँड टिकला नाही. भिंतभर पडदा आला, त्यावर सामने चालायला लागले, आणि आमचं स्टेज काढून तिथे पाणी देणाऱ्यांचं टेबल आलं. बाबांनी सामान विकून टाकलं. ज्याच्यासाठी मावशीला घालवलं ते सगळं चार-पाच वर्षांत संपलं, आणि बाबा संध्याकाळी पायजम्यावर बाल्कनीत बसायला लागले.

माझ्या लग्नात मावशी आली. तिला बघून नातेवाईक मागेच लागले, दोघी बहिणींनी एकदा वाजवा. आई तयार झाली. खरं तर ती त्याच आशेने गिटार घेऊन आली होती, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"तुझी कुठे आहे?" तिने मावशीला विचारलं.

"विकली."

"मी दिलेली? मला न विचारता विकलीस?"

हात धुण्याच्या बेसिनपाशी दोघी उभ्या होत्या, मागे माणसांची रांग. मावशीने नळ बंद केला, हात पुसले.

"तू मला विचारलं होतंस?"

आईचा आवाज चढला. उपकारांची यादी सुरू झाली, कुणी शिकवलं, कुणी घरात ठेवलं, कुणी खाऊ घातलं. रांगेतली माणसं जमिनीकडे बघत राहिली. मावशीने सगळं ऐकून घेतलं, मला जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवला, आणि न जेवता गेली.

त्यानंतर दोघी भेटल्या नाहीत. आईचा विषय निघाला की मावशी गप्प, मावशीचा निघाला की आईचं एकच पालुपद: "माझ्या जागी ती असती तर तिनेही हेच केलं असतं."

एकदा मी हे मावशीला जाऊन विचारलं. ती ओट्यापाशी भांडी विसळत होती.

"नसतं केलं," ती म्हणाली, आणि पुढचं भांडं घेतलं.

मी माहेरी जाऊन आईला तसंच सांगितलं. 

"तिला काय जातंय बोलायला," ती म्हणाली आणि टीव्ही लावला.