चौरे बाईंची वर्षभराची परीक्षा

चौरे बाईंची परीक्षा वर्षभर चाले. पाणवठ्यावर त्या दिसल्या की पोरं हंड्याआड लपायची, कारण बाई धुणं पिळता पिळता तेराचा पाढा विचारत. मुलाला एखादी गोष्ट शिकवली की त्याच दिवशी तपासायची, नाही आली तर पुन्हा शिकवायची, हा त्यांचा खाक्या. पुढं सरकारनं यालाच सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन असं भारदस्त नाव दिलं. १९९७ साली मात्र पेठ तालुक्यातल्या आमच्या शाळेत त्याला आगाऊपणा म्हणत.

बाई मुख्याध्यापिका, मी हाताखालचा शिक्षक. त्या वर्षी चौथीतली सगुणा संक्रांतीनंतर आईबापाबरोबर दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला गेली. आमच्या डोंगरातली निम्मी घरं तेव्हा बंद असतात, आणि वार्षिक परीक्षा नेमकी एप्रिलमध्ये. हे वेळापत्रक आखणाऱ्याला डोंगर कशाशी खातात ते ठाऊक नसावं.

बाईंनी सगुणाला पास केलं. विस्तार अधिकारी देवरेसाहेब भडकले. पेपर दिला नाही तर पास कशी, खोडा आणि नापास लिहा, नाहीतर निकाल मंजूर होणार नाही, असं बजावून गेले. एक वर्ष गेलं तर गेलं, असं मी हळूच म्हटलं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खडू शोधायला लागलो.

जूनमध्ये सगुणाचा बाप केरू आला. गावात शाळा चौथीपर्यंतच.

"बाई, पोर पास असंल तर पेठला वसतिगृहात घालतो," तो म्हणाला. "नापास असंल तर शाळा बास. कामाला नेतो."

निकाल अजून अडकलेलाच होता. बाईंनी शाळा सोडल्याचा दाखला काढला, 'चौथी उत्तीर्ण' लिहिलं, सही-शिक्का मारून केरूच्या हातात दिला. मला त्यांची भीतीही वाटली आणि अभिमानही.

नोटीस आलीच. साहेबांनी कचेरीत बोलावलं, मी सोबत गेलो. नापास मुलीला दाखला कुठल्या अधिकारात दिलात, असं त्यांनी विचारलं.

"जून ते जानेवारी मी तिला रोज तपासलंय, साहेब. तुम्ही एक दिवस तरी तपासलंत का? मग नापास कशाच्या जोरावर ठरवलीत?"

साहेबांनी दाखला परत मागवायला सांगितलं.

"मी नाही मागवणार," बाई म्हणाल्या. "तुम्ही स्वतः जा. आणि ती नापास का, ते तिला तोंडावर सांगा."

बाईंची बदली थेट मनमाडकडे झाली. सगुणाकडे मात्र कुणीच गेलं नाही. ती पाचवीच्या वर्गात बसली होती, आणि तिला तिथून उठवायची कुणाची छाती झाली नाही.