पिवळ्या ओळी

आमचं सॉफ्टवेअर तपासणाऱ्या प्रत्येक टेस्टच्या माथ्यावर एक छोटी खूण लिहिता येते: ही टेस्ट अमुक टेस्टवर अवलंबून आहे. मग लॉगिनची टेस्ट फेल झाली, की तिच्यावर विसंबलेल्या बाकीच्या चालवल्याच जात नाहीत. रिपोर्टमध्ये लॉगिन लाल दिसतं, बाकीच्या पिवळ्या. पिवळ्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

आज माझ्या शेजारी बसणारी वैशाली एचआरच्या केबिनमधून बाहेर आली. "काढलं मला," एवढंच म्हणाली. मग फोन स्पीकरवर टाकून ड्रॉवर रिकामा करू लागली.

"आई, तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन जरा पुढे ढकलू या का? नाही गं, सहजच."

माझ्यासमोर रिपोर्ट उघडाच होता. एक लाल ओळ, आणि तिच्याखाली पिवळ्याच पिवळ्या.

"चालेल की," आई म्हणाली. "दिसतंय तेवढं पुरे आहे मला."