सुकरामची मांडी

१९३८ च्या उन्हाळ्यात केशोरी गावच्या सुकरामच्या उजव्या मांडीत कवठाएवढी गाठ झाली. तिथल्या तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांमध्ये सोडणं हे त्याचं काम. आता त्याला धड उभं राहवेना. गाठ दगडासारखी कडक लागू लागली, तेव्हा बायको धुरपताबाई त्याला रेल्वेने नागपूरच्या एका दवाखान्यात घेऊन गेली.

सर्जनने एक्स-रे पाहिला आणि सांगितलं, हाडाचा कॅन्सर दिसतो, पाय कमरेजवळून कापावा लागेल.

"दुसरा ठेवसान ना?" सुकरामने विचारलं.

ठेवू, सर्जन म्हणाला.

त्याआधी गाठीचा एक तुकडा काढून तपासणीसाठी त्याच दवाखान्यातल्या घनश्याम डॉक्टरांकडे पाठवला. कडक हाडाचे पातळ काप निघत नाहीत, म्हणून त्यांनी तो आधी आम्लात मऊ करायला ठेवला. धुरपताबाई रोज त्यांच्या दाराशी जाई.

"शिजलं का जी हाड?"

"अजून नाही," डॉक्टर सांगत.

शेवटी काप निघाले, रंगवले, सूक्ष्मदर्शकाखाली गेले. मग डॉक्टर एक्स-रे घेऊन स्वतःच खाटेपाशी आले.

"मधल्या पेशी कॅन्सरसारख्याच घाईने वाढल्यात," ते म्हणाले. "पण कडेला पक्कं, नीटस हाड तयार झालंय. कॅन्सरमध्ये सहसा असं नसतं. जोराचा मार बसला तर मांसातही असं हाड धरतं. सुकराम, मांडीला काही लागलं होतं?"

सुकरामने बायकोकडे पाहिलं. "नाही जी."

"आठवून सांग. मार लागला नसेल तर सर्जनचं म्हणणं मला खोडता येणार नाही."

"आठवलं. नाही लागलं."

"माह्याकडं काऊन पाहून राहिले?" धुरपताबाई म्हणाली. "डाक्टरसायेब तुमाले विचारून राहिले."

सुकरामने मांडीवर हात ठेवला. "संक्रांतीच्या शंकरपटात आमच्या गावच्या उमरावचे बैल हाकले," तो म्हणाला. "छकडा उलटला. जू मांडीवर पडलं."

पटाच्या शर्यतीत बैल हाकणार नाही, अशी त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती.

"तुमी तं बहिनीकडं गेले होते," धुरपताबाई म्हणाली.

"पट झाल्यावर गेलो."

घनश्याम डॉक्टरांनी सर्जनला थांबायला सांगितलं. सर्जनला ते फारसं पटलं नाही, पण तो थांबला. काही आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. गाठ वाढली नव्हती, तिची कड आणखी पक्की झाली होती आणि दुखणंही गेलं होतं. पाय दोन्ही शाबूत ठेवून सुकरामला घरी सोडलं.

परतीच्या गाडीतून गोंदियाला उतरताना धुरपताबाईने त्याचा दंड धरला, तोही जरा जास्तच घट्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती उमरावच्या घरी गेली. तिथे काय बोलणं झालं ते तिने किंवा उमरावने कधी सांगितलं नाही. पुढच्या संक्रांतीला उमरावने बैल स्वतः हाकले आणि तो शेवटचा आला. सुकराम त्या दिवशी खरोखरच बहिणीकडे होता.