ब्रोन्यामावशी लॉबिस्ट होते

सिटी हॉलच्या दुसऱ्या मजल्यावर लॉबिस्टांची नोंदणी होते, त्या खिडकीवर मी बसते. येणारे बहुतेक सुटाबुटातले. कुणी दारूवाल्यांचा माणूस, कुणी बिल्डरांचा. नगरसेवकांना गाठायचं आणि आपल्या मालकाचं काम त्यांच्या गळी उतरवायचं, हा त्यांचा धंदा. मला त्यांचा राग येत नाही. रोज तेच तेच बघून जीव विटलाय, इतकंच.

त्या रांगेत एके दिवशी ब्रोन्यामावशी दिसली. डोक्याला रुमाल, पर्स छातीशी घट्ट धरलेली. माझ्या आईची मैत्रीण, आमच्याच चर्चमधली, म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या त्या उंच इमारतीत राहते.

"मावशी, तू इथे कशी? वाट चुकलीस का?"

"वाट कसली चुकतेय! तुमच्याच ऑफिसातून पत्र आलं. म्हणे लॉबिस्ट म्हणून नाव घाल, नाहीतर तोंड बंद ठेव. टेरेसा, लॉबिस्ट म्हणजे दलालच ना गं?"

"जवळपास तसंच."

"अरे देवा! जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासली, आणि म्हातारपणी दलाल! माझा नवरा वरून बघत असेल, हसत असेल मेला."

भानगड बसथांब्याची होती. इमारतीच्या दारातला थांबा उचलून उताराच्या पायथ्याशी नेला होता. थंडीत तो उतार म्हणजे नुसती बर्फाची काच. म्हातारे कोझ्यॉल तिथेच घसरले, खुब्याचं हाड मोडलं, दवाखान्यात गेले ते गेलेच. तेव्हापासून रहिवासी संघटनेच्या वतीने ब्रोन्यामावशी नगरसेवकांच्या मागे हात धुऊन लागली होती. आणि आमच्या शहराचा नियम असा, की संघटनेसाठी असं वारंवार बोलणारा पगारी असो की फुकटातला, नोंदणी हवीच. बरं, तिच्याऐवजी दुसरं कोण जाणार? इमारतीत कुणाला ऐकू येत नाही, कुणाच्या नाकात ऑक्सिजनची नळी, आणि जे धडधाकट ते पत्ते सोडून उठायचे नाहीत.

तिने सही केली. मग मी सगळ्यांना सांगते तसे तिलाही नियम सांगितले. नगरसेवकाला किंवा त्याच्या घरच्यांना काही द्यायचं नाही.

"खायचंसुद्धा?"

"कॉफीचा कपसुद्धा नाही."

"आणि हेडीचं सूप?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. हेडी म्हणजे आमच्या वॉर्डाचा नगरसेवक रेमंड, त्याची आई. मुलाकडेच असते. ती आणि ब्रोन्यामावशी लहानपणापासूनच्या मैत्रिणी. आता हेडीचं डोकं चालत नाही, सकाळचं दुपारी आठवत नाही. जेवण पुढ्यात आलं की तोंड फिरवते. पण गुरुवारी मावशी खारवलेल्या काकडीचं, शेपू घातलेलं सूप नेते, तेवढं मात्र वाटी चाटून संपवते.

मी साहेबांना विचारलं. उंटावरचा शहाणा तो! "आई म्हणजे घरची नाही, तर काय शेजारची?" म्हणाला.

मी मावशीला बाजूला घेतलं. "गुपचूप ने गं. कोण बघतंय?"

"बघणारा टपूनच बसलाय. थांब्याच्या जुन्या जागेवर गाड्या लावायच्यात ना शेजारच्या हॉटेलवाल्याला! त्याच्या वकिलाला कळलं तर थांब्याचा माझा अर्जच फेटाळतील. मग कोझ्यॉलच्या मागून कोण पडायचं? मी?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली बिचारीची.

तो हिवाळा संपता संपेना. सुनावणी ठरायची आणि पुढे ढकलली जायची. कधी सभासद कमी, कधी बर्फ, कधी वकिलाला मुदत हवी. दर वेळी मावशी बाकावर येऊन बसायची आणि ओले बूट ओढत परत जायची. आणि गुरुवारी रिकाम्या हाताने हेडीकडे. जाणं तिने चुकवलं नाही, तेच चुकलं की काय असं मला आता वाटतं.

"दारातच विचारते, सूप नाही आणलंस?" एकदा बाकावर बसून मावशी सांगत होती. "मी नियम समजावते. ती मान डोलावते. घटकाभराने पुन्हा, सूप नाही आणलंस? रुसलीस का माझ्यावर? काय केलं गं मी? टेरेसा, दर गुरुवारी मी तिला नव्याने दुखावते." ती तिथेच रडायला लागली. सुटाबुटातले लोक बाजूने निघून गेले.

तिला विचारून विचारून मी स्वतः सूप करून नेलं. हेडीने एक घोट घेतला आणि थुंकला. "भांडी विसळलेलं पाणी पाजतेस होय गं?" म्हणाली. रेमंडची बायको खाली मान घालून हसली आणि मग तिचेही डोळे भरून आले. सासू दिवसेंदिवस वाळत चालली होती.

अखेर बर्फ वितळल्यावर थांबा परत दारात आणायचा ठराव पास झाला. रेमंडने मावशीचा हात धरला, "जिंकलीस की!" ती तडक माझ्या खिडकीशी आली.

"माझं नाव काढ."

मी काढलं. "झालं. आता तू कुणाची दलाल नाहीस."

"आलं माझ्या डोक्यावरचं ओझं खाली," ती म्हणाली, पण आवाजात जीव नव्हता.

गुरुवारी तिने सूप केलं. इमारतीच्या दारातूनच आम्ही बसमध्ये चढलो, टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं माझ्या मांडीवर. कुणी घसरलं नाही, कुणी पडलं नाही.

हेडी खिडकीपाशी बसली होती, नुसती हाडं उरलेली. मावशीकडे बघून तिने मला विचारलं, "ही बाई कोण?"

मावशीने चमचा तिच्या ओठांशी नेला. हेडीने डोळे मिटून गिळलं. मग आपणहून तोंड उघडलं. अर्धी वाटी संपली.

"आमची ब्रोन्या अगदी असंच करते," हेडी म्हणाली. "शेपू जरा जास्तच घालते मेली." मग बारीक आवाजात, "पण ती आता येत नाही. रुसलीय माझ्यावर."

मावशीचा हात थांबला.

"नाही गं, रुसली नाही," ती म्हणाली. "तिला जरा काम लागलं होतं."

"मग तिला म्हणावं, ये."

"सांगते," मावशी म्हणाली, आणि तिने पुन्हा चमचा भरला.