उसनं नाक

गल्लीतले लोक त्यांना फुंकरकाका म्हणत. सोनार गल्लीत आणखी चार सोनार होते, पण दातांत फुंकणी धरून दिव्याच्या ज्योतीची बारीक धार काढावी आणि केसाएवढा सांधा झाळावा तो काकांनीच. श्वास नाकाने आत, तोंडाने बाहेर, मध्ये खंड म्हणून नाही. बघणाऱ्याचाच जीव गुदमरायचा!

आणि नेमका अशा माणसाला दमा लागावा! तोही साधासुधा नाही. पंप झाले, गोळ्या झाल्या, वर्षातून दोनदा इस्पितळाची खाट ठरलेली. नाकात मांस वाढलं. दोनदा कापून काढलं, दोन्ही वेळा निर्लज्जासारखं परत उगवलं. नाक बंद म्हणून फुंकणीही बंद. काकांनी ती फडक्यात गुंडाळून खणात टाकली आणि गॅसचा बर्नर आणला.

इथेच घात झाला असता. मांस वाढल्यापासून काकांना वास असा येतच नव्हता. एका दुपारी नळी सैल झालेली, गॅस बाहेर येतोय आणि हे महाशय खुशाल काडी ओढायला निघालेले! काकू डबा घेऊन दारात आल्या म्हणून निभावलं. त्यांनी आधी कॉक बंद केला, मग डबा आपटला आणि मग रडल्या.

"अहो, एवढा भपकारा येतोय, कळलं कसं नाही तुम्हाला?"

"कळायला नाक लागतं."

"मग माझं घ्या!"

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी घरचा शिवणवर्ग बंद केला आणि दुकानात ठाण मांडलं. काडी ओढण्याआधी काका विचारत, "पेटवू का?" काकू दोनदा हुंगत आणि म्हणत, "पेटवा." त्यांचं डोकं दुखलं की दुकानाला कुलूप. चाळीस वर्षं स्वतःच्या हातांनी चालवलेलं दुकान आता बायकोच्या नाकावर चालतंय, हे काकांना फार लागायचं. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, वर्षअखेर दुकान आवरायचं. निदान तिचा वर्ग तरी तिला परत मिळेल.

तेवढ्यात इस्पितळात नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी काकांना एका छोट्या यंत्रापुढे बसवलं. आजवर सगळे 'जोरात फुंका, आणखी जोरात' म्हणून ओरडायचे. इथे उलटंच. यंत्रावरची मुलगी म्हणाली, "सावकाश फुंकायचं, दहा सेकंद, एकसारखं. पडद्यावरचा ढग रेषेवरून हलला तर पुन्हा पहिल्यापासून." काकांच्या आधीच्या धिप्पाड गृहस्थांनी पाच वेळा ढग उडवून लावला होता.

काका ताठ बसले. छातीत शिट्ट्या वाजत होत्या, पण ओठांना जुनी सवय आठवली. ढग जागचा हलला नाही.

"पहिल्याच फटक्यात! काका, कुठे शिकलात हे?"

"चाळीस वर्षं हेच केलं, पोरी. फक्त समोर सोनं असायचं."

श्वासातून मोजलेल्या सुजेचा आकडा मात्र एकशे बारा आला. पंचवीसच्या आत असला तर बरा, हे ऐकून काकूंचा चेहरा पडला. डॉक्टरीणबाई मात्र खुश! "घाबरू नका. दम्यातली सूज सगळ्यांची सारखी नसते. तुमच्या नाकातली आणि छातीतली एकाच जातीची आहे. श्वास तेच सांगतोय, रक्तही तेच सांगतंय. या सुजेवर इंजेक्शन आहे. सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, पण तुम्हाला पडावं असं वाटतंय."

काका काकूंकडे वळले. "म्हणजे इतकी वर्षं आपण नाक एका डॉक्टरकडे नेत होतो आणि छाती दुसऱ्याकडे!"

पहिल्या महिन्यात काही नाही. तिसऱ्या महिन्यात काका बऱ्याच वर्षांनी उशीला टेकून न बसता सरळ आडवे झोपले. आकडा अडतिसावर आला. वासाचं मात्र दोघंही नाव काढत नव्हते. उगीच आशा लावून घ्यायची भीती वाटायची.

पाचव्या महिन्यात काकूंना पडसं झालं. तरी त्या आल्याच. काकांनी काडेपेटी हातात घेतली.

"पेटवू का?"

काकूंनी रुमाल बाजूला करून हुंगलं. "पेटवा."

काकांचा हात थांबला. "थांब. वास येतोय."

"छे, मला नाही येत."

"तुला कसा येणार? तुझं नाक चोंदलंय!"

त्यांनी कॉक बंद करून दार-खिडकी सताड उघडली. मग साबणाचा फेस नळीच्या सांध्याला लावला आणि हलकेच कॉक फिरवला. फेसाला टपाटप बुडबुडे आले. काकांनी कॉक पुन्हा बंद केला आणि दोघं बाहेर पायरीवर येऊन बसले. काकू रडत होत्या, आणि ते पडशाचं रडणं नव्हतं.

"घाण वास आहे ना हो?"

"घाणेरडा! अगं, काय सुंदर घाणेरडा वास आहे!" काकांनी दाराकडे तोंड करून आणखी एकदा हुंगलं. "उद्यापासून तुझा वर्ग सुरू कर."

काकूंनी नाक पुसलं. "आणि तुम्हाला सर्दी झाली तर?"

"तर तुला बोलावून घेईन," काका म्हणाले आणि खणातली फुंकणी काढायला आत गेले.